बटणांचा फोन आणि बाळा तोडणकर

बाळा तोडणकर शांत बसलाय असं वाडीत कुणी कधी पाहिलं नाही, आणि गंमत बघा, त्याचं कामच मुळी बसायचं. मालवणहून वायरीच्या अंगाने खाली उतरलं की सुरूच्या झाडांखाली वाळूचा एक उंचवटा लागतो. सकाळी सहाला बाळा तिथे येऊन बसतो आणि समुद्राकडे बघत राहतो. एखादा हौशी पाहुणा 'काका, काय बघताय?' म्हणून विचारायला गेला, की मान न वळवता बाळा म्हणतो, "तुझ्या बापाशीक!" पाहुणा बिचारा चप्पल झटकून चालता होतो.

बाळा मासे बघतो. रापणीचा टेहळ्या आहे तो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी पाण्यात अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर चाळीस माणसं वाळूवर पाय रोवून ओढतात. पण जाळं टाकायचं कुठे आणि केव्हा, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. बांगड्याचा थवा किनाऱ्याला आला की पाण्यावर ढगाची सावली पडल्यासारखा डाग दिसतो, आणि वर बघावं तर आभाळात ढग नसतो. डागाच्या कडेला पाणी बारीक खरखरतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम. तेवढ्यात मान वळवलीत, विडी पेटवलीत, शेजाऱ्याशी दोन शब्द बोललात की थवा गेला कुठल्या कुठे.

हा माणूस चौदाव्या वर्षी दोराला लागला. मध्ये सहा महिने मुंबईला गोदीत कामाला गेला होता, तिथल्या मुकादमाशी भांडून परत आला. मुकादमाची चूक काय, तर त्याने बाळाला 'जरा लक्ष देऊन काम कर' म्हटलं होतं. पन्नाशी उलटली तशी त्याचे गुडघे गेले. दोर ओढणं संपलं, होडीत चढणं संपलं, राहिली ती फक्त नजर. त्या नजरेवर त्याला रापणीत इतरांच्या बरोबरीने पुरा वाटा मिळत होता. रापणीत जो काम करतो त्याला वाटा. जो करत नाही, त्या म्हाताऱ्याकोताऱ्याला लोक ओळखीखातर दोन-चार मासे देतात. बाळाला साऱ्या जगात धास्ती कशाची असेल तर त्या दोन-चार माशांची. "माका कोणी फुकटचे बांगडे दिल्यान, तर त्याच बांगड्यांनी तेचा थोबाड फोडतलंय," असं तो बायकोला वर्षातून दहादा सांगायचा. बायको रसिका म्हणायची, "फोडा, पण बांगडे फुकट घालवू नुकात."

पूर्वी थवा दिसला की बाळा उभा राहून टॉवेल फिरवायचा आणि खालून माणसं धावायची. आता टॉवेल फिरवून काय उपयोग! किनारा पाहुण्यांनी भरलेला. कोण ओढणी फिरवतंय, कोण टोपी उडवतंय, वर रंगीत छत्रीला टांगून घेऊन आणखी कुणी हवेत ओरडतंय. आणि रापणकर तरी किनाऱ्यावर असतात कुठे? कुणाची निवास-न्याहारी, कुणाची रिक्षा, कुणाच्या पाण्यावर पळवायच्या मोटारी. म्हणून रापणीचा पुढारी जितेंद्र याने सात वर्षांमागे फोनवर ग्रुप काढला आणि आकड्यांची भाषा बसवली. एक म्हणजे तयार राहा. दोन म्हणजे होडी उत्तरेला, तीन म्हणजे दक्षिणेला. पाच म्हणजे जेवत असाल तर हात न धुता धावा.

बाळाकडे तेव्हा बटणांचा फोन आला. बटणांचा, पण व्हॉट्सअ‍ॅप चालणारा. त्या फोनाला बाळाने कधी शिवी दिली नाही, यातच काय ते समजा. ग्रुप उघडून ठेवायचा, फोन सदऱ्याच्या खिशात, अंगठा बटणांवर. पाचच्या बटणावर एक बारीकसा फोड असतो, तिथून वर दोन, खाली आठ. डोळे पाण्यावर, अंगठा खिशात. डाग दिसला, आकडा दाबला, मधलं बटण दाबलं, गेला निरोप. सात वर्षांत बाळाने निरोप पाठवताना एकदाही खाली बघितलं नाही.

आणि मग या वर्षी त्या फोनावर व्हॉट्सअ‍ॅप चालायचं बंद झालं. फोन धडधाकट, बॅटरी दोन दिवस टिकणारी, बटणं शाबूत, आणि काम काय तर नुसतं हॅलो हॅलो. मालवणच्या दुकानदाराने हात वर केले. म्हणाला, "काका, बटणवाल्यात आता ते येत नाही. टच घ्या." बाळा त्याला म्हणाला, "तू टच हो खंय तरी!" पण दुकानदाराला झापून आकडे जात नाहीत. शेवटी दोडामार्गला दिलेली लेक संचिता चवथीला माहेरी आली, ती नवा कोरा टचचा फोन घेऊनच.

"बाबा, एकदम सोपो आसा. एकदा सवय झाली मगे तुमीच म्हणतलात, आधी कित्याक घेवक नाय."

'एकदा सवय झाली की' हे वाक्य बाळाने पुढच्या महिन्याभरात इतक्या तोंडून ऐकलं की ते ऐकू आलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची. सवय व्हायला आधी फोनाने ऐकायला तर पाहिजे! पहिल्या दिवशी उंचवट्यावर बसून त्याने फोन काढला, तर काच उन्हाने अशी चकाकली की तिच्यात बाळाला स्वतःचं तोंड दिसलं, आकडे दिसेनात. सावली करावी म्हणून वाकला तर समुद्र दिसेना. बोट दाबलं तर फोन ढिम्म. चाळीस वर्षं दोर ओढून आणि खाऱ्या पाण्यात भिजून त्याच्या बोटांची साल झाडाच्या सालीसारखी झालेली, ती काचेला कळेच ना. रागाने जोरात दाबलं तर एक सोडून चार चार आकडे उमटले. खिशात ठेवला तर खिशातल्या खिशात त्याने मुंबईच्या साडूला फोन लावला, आणि साडूने दहा मिनिटं नुसती समुद्राची गाज ऐकली.

संचिताने जाताना त्याला अंगठ्याचं कुलूप लावून दिलं होतं. अंगठा ठेवला की फोन उघडतो म्हणे. बाळाच्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच झिजलेल्या. फोन थरथरायचा आणि म्हणायचा, ओळख पटली नाही.

"आवशीक खाव तेच्या!" बाळा घरी येऊन ओरडला. "माझ्याच खिशात बसता आणि माकाच इचारता, तू कोण?"

रसिका पडवीत मासे निवडत होती. तीस वर्षं ती मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि तीन वर्षांपासून हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी अशाच फोनावर घेते. ती वर न बघता म्हणाली, "हात पुसान दाबा, आणि हळू दाबा. खिळो ठोकूचो नाय तेच्यार."

"तू माका शिकवू नुको!"

"नाय शिकवणंय. नाचाक येयना, आंगण वाकडा."

कुणी म्हणालं, बोलून पाठव. बोलून पाठवलं तर वाऱ्याची फूं फूं तेवढी गेली. कुणी म्हणालं, काचेवर नवं प्लॅस्टिक लाव, कुणी म्हणालं, आहे ते काढ. सल्ला द्यायला काय पैसे पडतात! मासळी मात्र जात होती. दोनदा आकडा उशिरा गेला, एकदा उत्तरेऐवजी दक्षिणेचा गेला आणि होडी रिकाम्या पाण्यात फिरून आली. रापणकर बोलले काही नाहीत, पण चहाच्या टपरीवर बाळा आला की गप्पा थांबायला लागल्या. बाळाला ते दिसत होतं. नजर होती ना त्याला.

आणि मग ती खारेपाटणची भानगड झाली. बाळाचा एक लांबचा मामा खारेपाटणला वारला. नात्यातल्या ग्रुपवर काहीतरी पाठवायला हवं म्हणून रसिकाने बाळाच्या फोनावरून तयार चित्र पाठवलं. समई, दोन फुलं आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. विषय संपला. पण हे टचचे फोन कसले चोंबडे! एकदा पाठवलेलं चित्र ते पुढच्या वेळी हाताशी आणून ठेवतात, जणू रोज कोणीतरी मरणारच आहे.

चार दिवसांनी सकाळी साडेसातला बाळाला थवा दिसला. मोठा, काळाभोर, तारकर्लीच्या बाजूने सरकत येणारा. बाळाने फोन काढला, हात सदऱ्याला पुसला, काचेवर तळहाताची सावली धरली, पाच दाबायला गेला आणि फोनाने भलतंच काहीतरी उघडलं. डोळे मिटून त्याने पुन्हा दाबलं. फोन 'टुक' असा वाजला. गेला म्हणायचा, असं म्हणून बाळाने सुटकेचा श्वास टाकला आणि पाण्याकडे बघू लागला.

चाळीस फोनांवर समई पेटली.

वाडीत मयत झालं की त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाहीत. याला अपवाद नाही, मग समोर सोन्याचा थवा का येईना. पाण्याच्या काठाशी तयार ठेवलेली होडी माणसांनी पुन्हा वर ओढली, जाळं दुमडलं, अंगावरचे रंगीत शर्ट बदलले आणि खांद्यावर पंचे टाकून सगळे बाळाच्या घराकडे निघाले. निरोप बाळाचा, म्हणजे मयत बाळाकडचं, हा साधा हिशेब. रसिका मागच्या दारी भांडी घासत होती. तिने पुढे येऊन बघितलं तर अंगणात पस्तीस-चाळीस माणसं, खाली मान घालून. नवरा सकाळपासून समुद्रावर. तिच्या हातातलं भांडं पडलं आणि तिने असा हंबरडा फोडला की शेजारची गाय दावं तोडायला लागली.

इतक्यात लंगडत, शिव्या देत, घामाघूम बाळा खालून वर आला. "अरे मेल्यांनो, होडी खंय? थवो नाकासमोरसून गेलो! चाळीस जणांतलो एक तरी..." आणि त्याची नजर अंगणातल्या गर्दीवर गेली. "कोण मेलो?"

"तां तुमी सांगा," जितेंद्र म्हणाला. "कळवलात तर तुमीच."

रसिकाने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असं बघितलं की तो मेला नाही याचा तिला आनंद झालाय की राग, हे कुणालाच ठरवता आलं नाही.

संध्याकाळी जाळ्यांच्या खोपीत बैठक बसली. हसले सगळे, पण हसणं लवकर संपलं. त्या दिवशीचा तो थवा शेजारच्या वाडीच्या रापणीने ओढला होता, आणि तोही डोळ्यांदेखत.

जितेंद्र वाईट माणूस नाही. बाळाने त्याला लहानपणी दोर धरायला शिकवलेला. त्याने आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला. "काका, तुमच्या नजरेबद्दल कोणाचा म्हणणा नाय. पण नजर तुमच्या डोळ्यात ऱ्हवली आणि निरोप मयताक गेलो, तर रापणीन काय खावचा? पंधरा दिवस बघूया. जमला नाय तर टेहळणी दुसऱ्या कोणाक दिवया. तुमका काय आमी उपाशी ठेवूचव नाय. चार मासे घराक येतलेच."

चार मासे! बाळा उठला आणि काही न बोलता बाहेर पडला. बाळा तोडणकर काही न बोलता बाहेर पडला, हे वाडीला समईपेक्षा मोठं आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंचवट्यावर दोघं बसलेली दिसली. रसिकाने बाजार जावेवर टाकला होता. ठरलं असं की बाळाने बघायचं, आकडा सांगायचा आणि रसिकाने दाबायचा. ऐकायला किती सोपं! पण एका वाळूच्या ढिगावर नवरा-बायको चार तास बसलीत, आणि त्यातला एक बाळा, म्हणजे काय होणार?

"फोन उघडो ठेव."

"उघडोच आसा."

"मगे काळो कसो झालो?"

"तुमी बघता तेवां काळो होता. तुमी समुद्र बघा."

तो समुद्र बघायचा आणि तोंडाने अखंड बडबड चालू. हा डाग खडकाचा, तो वाऱ्याचा. ही खरखर तारलीची, बांगड्याची याहून जाड. पक्षी नुसते फिरतायत म्हणजे काही नाही, खाली बुडी मारायला लागले तर बघावं. हे तो रसिकाला सांगत होता असं नव्हे, तो स्वतःशीच वैतागत होता. रसिका मांडीवर फोन ठेवून गप्प बसायची.

आणि जमलं की! आठ दिवसांत तीन वेळा आकडा वेळेत गेला. होडी वेळेत सुटली. जाळं भरून आलं. बाळाला आनंद व्हायला हवा होता. पण टपरीवर आता नवीच चेष्टा सुरू झाली. "काय काका, आज मॅडमांका सुटी?" "काका नुसते शोभेक, रापण चलयता काकी!" बाळा चहा अर्धा टाकून घरी आला. रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी उंचवट्यावर बसल्या बसल्या त्याने हात पुढे केला. "दी हंय तो फोन. मी करतंय."

"कित्याक? चल्ला ता बरा चल्ला हा मां."

"दी म्हणतंय ना! बायलेच्या बोटार जगणारो म्हणान माका नाव पडाक होया?"

तिने फोन दिला. आज या काचेला नमवल्याशिवाय उठायचं नाही, असं बाळाने ठरवलंच होतं. त्याने बोट थुंकीने ओलं करून बघितलं, पुसून बघितलं, नखाने दाबून बघितलं, करंगळीने दाबून बघितलं. पाच दाबला की सहा येत होता, सहा पुसायला गेला की पाचही पुसला जात होता. वरून कसलीशी पट्टी उतरली आणि जाईना. बाळाची मान खाली, नाक काचेला टेकलेलं, घामाचे थेंब काचेवर पडतायत आणि त्या थेंबांनाच फोन बोट समजतोय.

"अवो," रसिका म्हणाली.

"गप गो जरा."

"अवो, तां बघा. खडकाच्या खालच्या अंगाक."

"गप म्हणतंय ना! आता आयलो होतो पाच!"

रसिका अर्धी उभी राहिली. पाण्यावर डाग होता. तिने वर आभाळात बघितलं, ढग नव्हता. कडेला पाणी जाड खरखरत होतं आणि पक्षी बुड्या मारायला लागले होते. तिने वाकून नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावला, काच पदराने पुसली, तीन दाबला, मग पाच दाबला, आणि सोडला.

बाळाने मान वर केली. उन्हाने डोळे दिपलेले, क्षणभर त्याला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. माणसं धावत येऊन होडी दक्षिणेला लोटत होती आणि थवा अजून तिथेच होता.

त्या दिवशी जे जाळं आलं ते वाडीने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. दोर ओढायला माणसं कमी पडली, पाहुण्यांनीही हात लावले. वाळूवर बांगड्यांचा ढीग तडफडत होता आणि त्याभोवती हसणं, ओरडणं, पाट्यांची आदळआपट. मग वाटे घातले. वाटे घालून झाले की पुढारी एकेकाचं नाव मोठ्याने घेतो, ज्याचं नाव तो 'हय' म्हणतो आणि आपला वाटा उचलतो. पहिलं नाव कोणाचं घ्यायचं याबद्दल आज जितेंद्रला शंकाच नव्हती.

"आजचो पयलो वाटो टेहळ्याचो!" तो ओरडला. "अशी नजर ह्या किनाऱ्यार परत होवची नाय. बाळा सखाराम तोडणकर!"

सगळे बाळाकडे वळले. पंधरा दिवसांच्या मुदतीचा विषय संपला होता, ते जितेंद्रच्या तोंडावरच दिसत होतं. टपरीवर चेष्टा करणारे टाळ्या वाजवत होते. रसिका बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती, पाटी कमरेला लावून. बाळाला नुसता 'हय' म्हणायचा होता. दोन अक्षरं.

"माझा नाव घेव नुको," तो खेकसला.

"काय झाला काका?"

"मी बघूक नाय! कळला? थवो इलो तेवां मी ह्या भुताटकेत तोंड खुपसून बसलेलंय. हिना बघल्यान. हिनाच दाबल्यान. माका सांगी होती, तर मी हिकाच गप केलंय."

टाळ्या थांबल्या. जितेंद्र डोकं खाजवू लागला. "बरां, असूंदे. काकीन बघल्यान काय नि तुमी बघलात काय, एकाच घराक जाता. उचला वाटो."

"मी काम करूक नाय. माका वाटो नाय."

"काका, उगाच हट्ट नुको. रापणीत बायलमाणसाच्या नावान वाटो कधी पडलो नाय."

तेव्हा रसिका बायकांतून पुढे आली. तिचा आवाज बाजारातला, चार गल्ल्या ओलांडून जाणारा. "एकाच घराक जाता मां, जितू? मगे माझ्या नावान घाल. घर तर ताच आसा."

जितेंद्रने इकडेतिकडे बघितलं. एक म्हातारा रापणकर जाळं झटकता झटकता म्हणाला, "घाल रे. कामाक वाटो. कोणाच्या कामाक तां कोणी सांगूक नाय." बांगडे उन्हात तापत होते, गिऱ्हाइकं उभी होती, कुणाला वाद वाढवायचा नव्हता. जितेंद्रने घसा साफ केला.

"रसिका बाळा तोडणकर!"

रसिका ढिगाकडे बघत उभी राहिली. तीस वर्षं तिने या वाळूवरून मासे उचलून नेले होते, पण इथे तिचं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. पुढे काय करायचं असतं ते तिला सुचेना. जितेंद्रने पुन्हा नाव घेतलं. ती तशीच.

बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्याला भयंकर संताप आला.

"अगो, हय म्हण!" तो ओरडला. "नाव तुझा घेतल्यान!"

"हय," रसिका म्हणाली.